बादली कोणाच्या हातात

डोंगरकडा
रविवार, १४ जुलै २०२४

सपनाबाईला आजीचा जयभीम.

पाकीट पाहून दचकू नको. घरात सगळे जित्ते हायेत. हे पत्र मीच लिहून राहिले, माझ्या हातानं. विहारात धम्मानंद गुरुजी सांजच्याला म्हाताऱ्यांचा वर्ग घेतेत, तिथं मला दोन वर्षं झाली. पास झाले, कागद भेटला, तुझ्या बानं तो काचेत घालून भिंतीला लावला. पण भिंतीवरच्या कागदाचं करावं काय? म्हणून म्हणलं, पोरीला पत्र टाकू. चुका मोजत बसू नको.

फोन हाय की म्हणशील. फोनवर तुझी माय स्पीकर लावती. म्हणती, "मला बी ऐकू द्या की, आत्या." तिला काय ऐकायचं असतं ते मला ठाऊक हाय. मी तिची चुगली करते का ते. आता स्पीकर लावल्यावर मी ती करू कशी?

बरं, मुद्द्याचं. तू म्हणालीस, विद्यापीठाच्या मेसमधी खणाची मोठी ताटं बंद केली, आता लहान ताटली भेटती. आन पोळी अर्धी बी मागता येती. ते ऐकल्यापासून मला चैन न्हाई. ताट लहान केलं की भूक लहान होती व्हय? अर्धी पोळी कोण मागतं? तीनशे पोरींच्या अर्ध्या अर्ध्या पोळ्या वाचवून तो मेसवाला नेतो कुठं, ते पाह्य. मंगळवारी ज्वारीची भाकर देतेत म्हणालीस. चांगलं हाय. पण मंगळवारीच काहून? सोमवारी गहू सरत असंल त्याचा.

इकडं वैशाखी पुनवेला आपल्या वस्तीत पंगत झाली, तू नव्हतीस. तुला ठाऊक हाय आपला नेम, पंगत उठली की ज्यानं त्यानं आपली पत्रावळ उचलायची. जावई असो का गुरुजी असो. यंदा हिंगोलीहून एक मोठा सायेब आला व्हता, जेवून तसाच बसून राहिला. मी म्हणलं, "सायेब, पत्रावळ." उचलली बिचाऱ्यानं. हात कुठं धुवायचे ते बी त्याला सांगावं लागलं.

आन तुझ्या खोलीतली ती तांड्यावरची पोरगी, मिना, तिच्यावर ध्यान ठेव. माझं कैरीचं लोणचं आठ दिवसांत सरलं म्हणतीस. तू एकटी इतकं खात न्हाईस.

तुझी आजी
चांगुणा
(ही सही हाय. अंगठा न्हाई.)

मुलींचे वसतिगृह, विद्यापीठ
२४ जुलै २०२४

प्रिय आजी,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि अख्ख्या मजल्याला वाचून दाखवलं. चुगलीचा भाग सोडून. माय इथल्या कोणाला ओळखत नाही, तरी पण.

आता तुझे संशय एकेक करून फेडते. मोठ्या ताटात पोरी डोळ्यांच्या भुकेनं वाढून घ्यायच्या आणि निम्मं टाकून उठायच्या. लहान ताटलीत पाहिजे तितक्या वेळा घेता येतं, कोणी अडवत नाही. मी परवा पाच पोळ्या खाल्ल्या. ज्वारी जवळच्याच गावातून येते, म्हणजे लांबून ट्रकनं धान्य आणायला नको.

हात धुतात तिथं एक वजनकाटा ठेवलाय. ताटातलं उरलेलं बादलीत टाकायचं, बादली काट्यावर ठेवायची, आणि आकडा फळ्यावर लिहायचा: आज वाया गेलेलं अन्न. जूनमध्ये रोज चाळीस किलो भरायचं. आता एकोणीस. मग ती बादली मेसच्या मागं खतखड्ड्यात नेऊन रिकामी करायची. खत बागेला जातं.

हे सगळं बघायला आम्हा मुलींची हरित मेस समिती आहे आणि मी तिच्यात आहे! आमच्या समितीचा फोटो विद्यापीठाच्या मासिकात आलाय. कापून पाठवतेय. त्यात मोकळ्या केसांची ती ऐश्वर्या, आमची प्रमुख. भाषण फार छान करते.

लोणचं अर्धं मिनानं खाल्लं, हे खरं. तिच्या घरचा तिळाचा ठेचा सगळा मी खाल्ला, हे पण खरं.

तुझी
सपना

डोंगरकडा
शुक्रवार, २ ऑगस्ट २०२४

सपनाबाईला आजीचा जयभीम.

पत्र भेटलं. पोष्टमन म्हणला, "आजी, तुमच्या नावचं." मी म्हणलं, माझ्या नावचं म्हणून इतक्या मोठ्यानं सांग की शेजारी ऐकू जाईल. पुन्हा सांगायला लावलं त्याला.

फोटू तुझ्या बाला दाखवला, तुझ्या मायला दाखवला. ती रडली. तिला काय, टीव्ही पाहून बी रडती. मंग मी एकटी बसले आन भिंग लावून फोटू पाहिला. आता सांगते, राग मानू नको.

त्या फोटूत पाच जणी हायेत. एकीच्या हातात फळा. एकीच्या हातात लिंबाचं रोपटं. एकीच्या हातात वही आन पेन. ऐश्वर्याच्या हातात काहीच न्हाई, ती नुसती हसून राहिली. (तिचं नाव लिहिता लिहिता माझ्या मनगटात गोळा आला. मायबापानं सोपं नाव ठेवायला काय झालं व्हतं?) आन कडंला तू. तुझ्या हातात बादली.

बादली तुझ्याच हातात काहून?

आणखी एक. बादलीच्या कडीला दुसरा एक हात हाय. त्याचं माणूस फोटूत न्हाई, कापून गेलं. नुसता हात आन मनगटावर दोन बांगड्या. मला तर असं दिसतं की तो हात बादली तुझ्याकडं ढकलून राहिला. कोणाचा हाय तो? त्या मिनाचा तर न्हाई?

तुला कधी सांगितलं न्हाई ते सांगते. मी सात वर्षांची असंन. माझ्या माहेरी पाटलाकडं लग्न झालं. सगळी पंगत जेवून उठली, की आपल्या बायांनी पाट्या घेऊन जायचं आन पत्रावळीवरचं उरलेलं गोळा करायचं. तेच आमचं लग्नाचं जेवण. माझी माय डोक्यावर पाटी घेऊन चालली व्हती, तिच्या लुगड्याला धरून मी. पाटीतून वरणाचा वघळ तिच्या कानामागून गळ्यावर आला. तिचे दोन्ही हात पाटीला. पुसायला तिसरा हात कुठून आणंल? ते मी पाहिलं हाय, सपना. वस्तीच्या तोंडाशी माझा बा रामजी उभा व्हता. त्यानं तिच्या डोक्यावरची पाटी उतरवली, अन्नाला हात जोडले, आन सगळं ओढ्यात सोडलं. म्हणला, "आजपासून उपाशी. पण हे न्हाई." आठ दिवसांत साऱ्या वस्तीनं पाट्या फेकल्या. तवापासून आपला नेम, कोणी कोणाचं उष्टं उचलायचं न्हाई.

आन तू तिथं शिकायला गेलीस आन बादली घेऊन उभी. वर फोटू काढून.

माझं एक काम कर. एक वही कर. रोज बादली कोण उचलतं, त्याचं नाव लिही. वीस दिवस. मंग मला पाठव. मला आता वाचता येतं.

चांगुणा

मुलींचे वसतिगृह, विद्यापीठ
११ ऑगस्ट २०२४

आजी,

तुझं पत्र या वेळी मजल्याला वाचून दाखवलं नाही.

पाटीचं तू मला कधीच सांगितलं नव्हतंस. पण आजी, ते दिवस गेले. इथं मला कोणी आडनाव विचारत नाही. बादली पाळीपाळीनं उचलायची, असं पहिल्याच बैठकीत ठरलंय. फोटो काढला त्या दिवशी माझी पाळी होती, इतकंच. आणि तो हात मिनाचाच आहे, ती पण समितीत आहे, पण ती ढकलत नव्हती. बादली जड होती म्हणून तिनं धरली होती. फोटोवाल्यानं तिला कापलं, त्याला ती काय करणार?

तू सगळीकडं तेच शोधतेस. मेसवाल्यात, भाकरीत, आता फोटोत. मला इथं पहिल्यांदा वाटतंय की मी नुसती सपना आहे. ते मला वाटू दे ना.

वही करणार नाही. मैत्रिणींवर पाळत ठेवायला मी पोलीस आहे का?

सपना

डोंगरकडा
२० ऑगस्ट

सपना,

बरं. करू नको वही.

तुझ्या मायनं विचारलं, पोरीनं काय लिहिलं. मी म्हणलं, खुशाल हाय. मला खोटं लिहिता येत न्हाई अजून, बोलता येतं.

पाळीपाळीनं ठरलं म्हणतीस. मंग तुझी पाळी पुन्हा कवा येती तेवढं सांग. वहीत न्हाई, नुसतं ध्यानात ठेव.

चांगुणा

मुलींचे वसतिगृह, विद्यापीठ
२९ सप्टेंबर २०२४

आजी,

महिनाभर पत्र नाही म्हणून तू काय काय समजली असशील ते मला कळतंय. फोनवर पण मी नुसतं "बरंय, बरंय" करत होते.

मी वही केली. तुझं ते "नुसतं ध्यानात ठेव" डोक्यातून जाईना. ध्यानात ठेवायला लागले तर गोंधळ व्हायला लागला, म्हणून मिनाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेले.

वीस दिवस. माझं नाव अकरा वेळा. मिनाचं नऊ वेळा.

बाकी कोणाचं नाही, आजी. एकदाही नाही.

आणि कोणी कोणाला काही म्हटलेलं नाही, हेच मला कळत नाही. ऐश्वर्यानं कधी मला "उचल" म्हटलं नाही. तिचा तास असतो. एकीला वासानं मळमळतं. एकीचं हस्ताक्षर चांगलं म्हणून ती फळ्यापाशी असते. एक जण नेहमी म्हणते, "अगं, मी नेणारच होते." आणि मी आणि मिना बादलीपाशी कधी जाऊन उभ्या राहतो, ते आम्हालाच समजत नाही. परवा मी मुद्दाम हात मागं बांधून उभी राहिले. दहा मिनिटं बादली तशीच. सगळ्याजणी गप्पा मारत होत्या. शेवटी मिना आली आणि एकटीनंच उचलली.

मिनाला वही दाखवली. ती म्हणाली, "मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तुला कळायला नको म्हणून मी जास्त वेळा जायला बघत होते. तुला ती समिती फार आवडली होती."

मी समिती सोडतेय. परीक्षा झाली की खोली पण सोडावी म्हणते. हिंगोलीतच कुठंतरी शिकेन. बाला तूच सांग.

सपना

डोंगरकडा
रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

माझ्या सपनाबाईला आजीचा लई लई जयभीम.

तुझ्या बाला मी काहीच सांगितलं न्हाई आन सांगणार बी न्हाई. हिंगोलीला येऊन काय करशील? हिंगोलीत काय बादल्या न्हाईत?

पहिले माझी चूक लिहिते, न्हाईतर पत्र लांबलं की राहून जाईल. तो हात मी ढकलणारा समजले. तो उचलणारा निघाला. सात वर्षांची असताना मी म्हणत व्हते ना की मायला तिसरा हात कुठून येईल? तुला आला, तर मीच त्याच्यावर संशय घेतला. तांड्यावरची म्हणून घेतला, दुसरं कारण न्हाई. आमच्याबद्दल लोक जसं बोलायचे तसंच मी बोलले. मिनाला हे वाचून दाखव. लाज वाटती, पण दाखव.

आता तुझं. तुझा राग बराबर हाय. पण काम वाईट न्हाई गं. गांडुळं असतेत का त्या खड्ड्यात? असली तर खत सोन्यावाणी. आपल्या हळदीला मी तेच घालते. चाळीस किलो अन्न एकोणिसावर आणलंत, ते का खेळ हाय? समिती सोडलीस तर काय होईल? मिना एकटी उचलंल. मिना गेली तर तिसरी कोणी येईल, तुमच्यावाणीच कोणी. बादली काही बसून राहत न्हाई.

माझ्या बानं पाटी फेकली तवा तो घरात दडून बसला न्हाई. भर रस्त्यात फेकली, सगळ्यांना दिसंल अशी. तू वही लपवून काहून ठेवलीस? किलो फळ्यावर लिहितेत ना तुमच्यात? मंग नावं बी लिही. त्याच्याच खाली. भांडू नको, भाषण करू नको. नुसतं लिही. लिहिलेलं माणसाला पाहावं लागतं. हे मी म्हातारपणी शिकले.

घाबरू नको असं म्हणत न्हाई. घाबर, पण लिही. आन लिहिताना मिनाला बाजूला उभी कर.

लोणचं पाठवते. दोन बरण्या. एकीवर तिचं नाव मीच लिहिलंय. सोपं हाय तिचं नाव, त्या प्रमुखावाणी न्हाई.

तुझी आजी
चांगुणा

मुलींचे वसतिगृह, विद्यापीठ
२० ऑक्टोबर २०२४

प्रिय आजी,

लिहिलं!

मंगळवारी, भाकरीच्या दिवशी, मेसमध्ये सगळ्यात जास्त गर्दी असते तेव्हा. "आज वाया गेलेलं अन्न: १९ किलो." त्याच्याखाली मी लिहिलं, "बादली कोणी उचलली: सपना ११, मिना ९." शेवटचा नऊ मिनानं माझ्या हातातला खडू घेऊन पुरा केला.

पहिले काहीच झालं नाही. पोरी वाचायच्या आणि ताटलीत बघायच्या. मग आतून चतुराबाई आल्या, मेसमध्ये भांडी घासतात त्या. फळ्यापुढं थांबल्या. मला म्हणाल्या, "वाचून दाखव गं." मी वाचलं. त्या म्हणाल्या, "आन सुट्टीच्या दिवशी कोण उचलतं? तुमची समिती नव्हती तवा कोण उचलत व्हतं? अकरा वर्षं. माझं नाव न्हाई का याच्यात?"

मी वीस दिवस वही लिहिली आणि रविवार सोडून दिले. रविवारी बादली कोण नेतं, हा प्रश्नच मला पडला नव्हता. मी सगळ्यात वर त्यांचं नाव लिहिलं.

संध्याकाळी ऐश्वर्या खोलीवर आली. "माझी बदनामी करायची होती तर तोंडावर बोलायचंस," म्हणाली. मी म्हटलं, "यात तुझं नाव कुठंय?" ती म्हणाली, "तेच तर!" आणि रडायला लागली. खरंच रडली. मला वाईट पण वाटलं आणि नाही पण वाटलं.

वॉर्डन मॅडमनी बैठक घेतली. त्या म्हणाल्या, पाळ्यांचा तक्ता करू. मी म्हटलं, तक्ता आधी पण होता. मग मी आपल्या वस्तीचा नेम सांगितला, ज्यानं त्यानं आपली पत्रावळ. तू त्या सायेबाला उठवलंस ते पण सांगितलं. सगळ्या हसल्या, आणि त्या हसण्यात ठरून गेलं.

आता बादलीच नाही, आजी. जिनं ताटलीत टाकलं तिनं स्वतः खड्ड्यापर्यंत चालत जायचं. मेसच्या मागं, साठ पावलं, सगळ्यांच्या देखत. तिथं आता काटा ठेवलाय, आपलं आपण मोजायचं. पहिल्या दिवशी ऐश्वर्या ताटलीभर भेंडी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिनं दोन चमचे घेतली. तेव्हापासून कोणत्याच दिवशी पाच किलोच्या वर गेलं नाही. चाळीसवरून पाच! खड्ड्याला आता पुरेसं खायला मिळत नाही, अशी चतुराबाईंची तक्रार आहे.

सगळं गोड नाही. ऐश्वर्या माझ्याशी बोलत नाही. दोघीजणींनी चतुराबाईंना हळूच "मावशी, एवढं न्या ना" म्हणून पाहिलं. त्यांनी नुसतं फळ्याकडं बोट दाखवलं.

मी खोली सोडत नाही. बाला काही सांगू नको.

मिना तुझं पत्र स्वतः वाचते म्हणाली. वाचून झाल्यावर तिनं आपली बरणी कपाटात ठेवून कुलूप लावलंय. माझ्यावर संशय आहे तिचा.

तुझी
सपना

डोंगरकडा
रविवार, २७ ऑक्टोबर २०२४

सपनाबाईला आन मिनाबाईला आजीचा जयभीम.

पत्र विहारात वाचलं, उभी राहून, मोठ्यानं. धम्मानंद गुरुजी म्हणले, चांगुणाबाई, सावकाश. मी कशाची सावकाश! साठ पावलं म्हणताना तर मी चालूनच दाखवलं.

पण त्या चतुराबाईनं माझी झोप खाल्ली. अकरा वर्षं, आन वहीत नाव न्हाई. मी म्हणलं, चांगुणे, तू पोरीच्या मेसवर इतका संशय घेतलास, तुझ्या घरात कोण उचलतं? मंग मी काय केलं, चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारल्या. जेवण झालं की ताट कोण उचलतं, त्याची रेघ. चार दिवस. तुझा बा जेवतो, हात धुतो, उठतो. मी जेवते, हात धुते, उठते. सगळ्या रेघा तुझ्या मायच्या. माझ्या ताटाच्या बी.

बाहेर पंगतीत सायबाला पत्रावळ उचलायला लावणारी मी. आन घरात सव्वीस वर्षं माझं उष्टं तुझ्या मायच्या, शकूच्या हातात. ती कधी बोलली न्हाई. स्पीकर लावायची तेवढं.

काल सकाळी जेवले आन माझं ताट मी उचललं. शकू बघतच राहिली. म्हणली, "काय झालं, आत्या? जेवण बिघडलं का?" मी म्हणलं, न्हाई. सांजच्याला पुन्हा उचललं. तवा तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आन तुझ्या बाला बाजूला नेऊन म्हणली, "यांना दवाखान्यात दाखवा, लक्षण बरं न्हाई." मला सगळं ऐकू आलं.

आज तिला जवळ बसवलं आन तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळंच वाचलं, काही गाळलं न्हाई. ती रडली न्हाई. म्हणली, "तिला लिहा, मायनं विचारलंय, पोट भरून जेवतीस ना?" तिनं सांगितलं म्हणून लिहिलं. पाच पोळ्या मी तिला आधीच सांगितल्या हायेत.

परीक्षा झाली की सुट्टीत येशील तवा मिनाला घेऊन ये. तिचा तांडा कनेरगाव नाक्याकडं हाय म्हणालीस, तर दोन दिवस इथं राहून मंग जाईल. लोणचं न्यायला मोठी बरणी आणा.

पत्र संपवत व्हते, तेवढ्यात तुझा बा जेवून उठला. ताट तिथंच. शकू उठायला लागली, मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

म्हणलं, "ग्यानोबा, ताट."

तो माझ्याकडं पाहून राहिला. मंग शकूकडं. मंग भिंतीवरच्या रेघांकडं. उचललं त्यानं. घासायच्या जागी कुठं ठेवायचं ते त्याला ठाऊक नव्हतं, हातात धरून अंगणात उभा हाय. शकू म्हणती, सांगू का? मी म्हणलं, थांब थोडं. सापडंल त्याला.

तुझी आजी
चांगुणा